सदतीस वर्षांचा खेळाडू घ्यावा का, आणि घेतलाच तर लाइनअपमध्ये कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. न्यू जर्सीत आल्यापासून तुम्ही न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचे सामने नेमाने बघता. डिसेंबर २०२४ मध्ये संघाने पॉल गोल्डश्मिट या फर्स्ट बेसमनला (पहिल्या तळाची राखण करणारा) एका वर्षासाठी १ कोटी २५ लाख डॉलर देऊन घेतलं, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. तुमच्या मित्रांपैकी निम्म्यांचं म्हणणं, वय झालेल्या माणसावर पैसे घालवले आणि बेन राइससारख्या तरुणाची जागा अडवली. बाकीचे म्हणतात, २०२२ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू आहे, त्याला वरच्याच क्रमांकावर खेळवायला हवं. दर हिवाळ्यात कुठलातरी संघ असा एखादा अनुभवी खेळाडू घेतो आणि हाच वाद रंगतो. तर आपली बाजू ठरवायची कशी, आणि पुढच्या मोसमाचा लाइनअप (बॅटिंगचा क्रम) कसा असावा, हे तुम्हाला हवंय.

दोन्ही बाजू खेळाडूबद्दल बोलतायत, म्हणून वाद सुटत नाही. खरा प्रश्न बॅटिंगच्या टर्नचा आहे. त्याच्यामुळे कोणाच्या टर्न कमी होणार, आणि त्याला मिळणाऱ्या टर्न कोणत्या हाताच्या पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) असणार? याचं उत्तर मिळालं की करार योग्य होता का आणि खेळाडूला कुठे खेळवायचं, दोन्ही एकदमच कळतं.

मी महाराष्ट्रात सॉफ्टबॉल खेळत वाढलो. इथे आल्यावर बेसबॉलकडे वळलो आणि बरीच वर्षं मुलांच्या व प्रौढांच्या हौशी संघांना कोचिंग करतोय. मेजर लीगचा वेग, पैसा आणि दबाव आमच्याकडे नाही. पण सामन्याआधी लाइनअप कार्ड भरताना मॅनेजरला जे प्रश्न पडतात, ते खालपासून वरपर्यंत सारखेच असतात. म्हणून उत्तर त्या बाजूने देतो.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं, हेही सांगायला हवं. तोच खेळाडू, तीच किंमत, पण संघात त्या जागी आधीच चांगला माणूस असेल तर करार वाया जातो आणि जागा रिकामी असेल तर तोच करार संघाला तारतो. म्हणून आधी डिसेंबर २०२४ मध्ये यँकीजची अवस्था काय होती ते आठवा.

३० ऑक्टोबर २०२४, वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) डॉजर्सविरुद्धचा पाचवा सामना, यँकी स्टेडियम. यँकीज ५-० ने पुढे. पाचव्या इनिंगमध्ये ॲरन जजच्या हातून साधा कॅच सुटला, अँथनी व्होल्पीचा थ्रो चुकला, आणि मग मूकी बेट्सने फर्स्ट बेसकडे सरपटी चेंडू मारला तेव्हा पिचर गेरिट कोल बेस झाकायला गेलाच नाही. फर्स्ट बेसमन अँथनी रिझ्झोला एकट्याने तिथवर पोचता आलं नाही. बघता बघता ५-५ झाले आणि डॉजर्सनी ७-६ ने सामना आणि अजिंक्यपद दोन्ही नेलं. तो सामना ज्याने पाहिला त्याला फर्स्ट बेस हा शब्द ऐकला तरी अजून बोचतं. रिझ्झो त्या मोसमात .२२८ च्या बॅटिंग सरासरीवर (हजारात २२८ हिट) अडकला होता, होमर (कुंपणापार मारलेले चेंडू) फक्त आठ. संघाने त्याचं पुढचं वर्ष घेतलं नाही. मग संघाचा बडा बॅटर हुआन सोटो १५ वर्षांच्या ७६ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर मेट्सकडे गेला.

म्हणजे फर्स्ट बेस रिकामा होता. आणि ज्याची जागा अडवली असं तुमचे मित्र म्हणतात तो बेन राइस? २०२४ मध्ये त्याने ५० सामन्यांत .१७१ केलं होतं. हो, त्यातच ६ जुलैला रेड सॉक्सविरुद्ध लीडऑफला (पहिल्या क्रमांकावर) येऊन त्याने तीन होमर मारले होते, असं करणारा यँकीजचा तो पहिला रूकी (नवोदित). ताकद दिसली होती, यात शंका नाही. पण तो मुळात कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा), वय २५, हातात एक पूर्ण मोसमही नाही. अशा मुलाच्या भरवशावर, वर्ल्ड सिरीज हरून आलेला संघ फर्स्ट बेस मोकळा सोडत नाही. मी मॅनेजर असतो तर मीही सोडला नसता.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे चाहते फारसं बघत नाहीत: हात. यँकी स्टेडियमचं उजवीकडचं कुंपण कोपऱ्यात ३१४ फुटांवर आहे, म्हणून हा संघ पूर्वीपासून डावखुरे बॅटर जमवतो. २०२५ चा संघ बघा: कोडी बेलिंजर, जॅझ चिझम, ऑस्टिन वेल्स, ट्रेंट ग्रिशम, बेन राइस, सगळे डावखुरे. उजव्या पिचरसमोर हे रांगेत उभे राहिले की प्रतिस्पर्ध्याला घाम फुटतो. पण समोर चांगला डावखुरा पिचर आला की हेच अर्धे लुळे पडतात. कारण सरळ आहे. डावखुऱ्या पिचरचा हात डावखुऱ्या बॅटरच्या पाठीमागून येतो, आणि त्याचा स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) बॅटरपासून लांब पळतो. उजव्या बॅटरला तोच चेंडू आधीपासून दिसतो आणि अंगाकडे येतो. म्हणजे यँकीजना फर्स्ट बेसवर नुसता बॅटर नको होता, उजवा बॅटर हवा होता.

आता त्या हिवाळ्यात बाजारात कोण होतं? क्रिश्चन वॉकर ३ वर्षांच्या ६ कोटींवर ॲस्ट्रोजकडे गेला. पीट अलोन्सो फेब्रुवारीत २ वर्षांच्या ५ कोटी ४० लाखांवर मेट्सकडेच राहिला. कार्लोस सँटाना ३८ व्या वर्षी १ कोटी २० लाखांत क्लीव्हलंडला परतला. आणि गोल्डश्मिट. अलोन्सोने नंतर २०२५ मध्ये ३८ होमर आणि १२६ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या धावा) केले, त्यामुळे आज मागे वळून 'अलोन्सोच घ्यायला हवा होता' म्हणणं सोपं आहे. तो सर्वांत चांगला बॅटर होता हे मलाही मान्य. पण यँकीजच्या खिशाचा एक नियम लक्षात घ्या. २०२५ मध्ये पगाराच्या करमुक्त मर्यादेची रेषा २४ कोटी १० लाखांवर होती. सलग तीन किंवा जास्त वर्षं ती ओलांडणाऱ्या संघाला ३० कोटी १० लाखांपलीकडच्या प्रत्येक डॉलरवर ११० टक्के कर भरावा लागतो. त्या टप्प्यावर दोन कोटींच्या खेळाडूची खरी किंमत चार कोटींवर जाते. तिथे अर्ध्या किमतीतला, एका वर्षाचा उजवा फर्स्ट बेसमन म्हणजे नाइलाज नव्हे, शहाणपणाची निवड होती.

वर्षांची संख्या हा तर माझ्यासाठी निम्मा निकाल असतो. याच संघातलं डीजे लमेह्यूचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये त्याने .३६४ करून लीगचा बॅटिंगचा मुकुट मिळवला, आणि जानेवारी २०२१ मध्ये यँकीजनी त्याला ६ वर्षांसाठी ९ कोटी दिले. तेव्हा तो ३२ चा होता, आणि जवळजवळ कोणीच नावं ठेवली नाहीत. जुलै २०२५ मध्ये, करार २०२६ पर्यंत असूनही, संघाने त्याला मोकळं केलं आणि उरलेले पैसे मोजले. ३७ व्या वर्षी एक वर्ष देणं आणि ३२ व्या वर्षी सहा वर्षं देणं, यात जास्त धोका कशात आहे ते यावरून दिसतं. म्हणून नुसतं वय विचारू नका. करार संपेल तेव्हा तो किती वर्षांचा असेल ते विचारा.

आता खेळाडूत अजून किती दम उरलाय, ते कसं ओळखायचं? इथे मी माझ्या मैदानावरचं सांगतो, कारण ही खूण कुठल्याही पातळीवर तीच असते. ताशी ९५ मैलांचा चेंडू प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपर्यंत, साधारण ०.४ सेकंदात येतो. वय वाढलं की पहिल्यांदा जाते ती बॅटची गती, पण बॅटर ते लगेच दाखवत नाही. तो ते लपवतो. फास्टबॉलला उशीर होतोय हे त्याला स्वतःला कळलेलं असतं, म्हणून तो निर्णय आधी घ्यायला लागतो. त्यामुळे फास्टबॉल काही दिवस लागतोही. पण मग स्लायडर आणि चेंज-अपवर (मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूवर) तो फसायला लागतो, कारण चेंडू ओळखायच्या आधीच बॅट निघालेली असते. आमच्या रविवारच्या प्रौढ लीगमध्ये चाळिशीच्या जवळ आलेला, एके काळी कॉलेजसाठी खेळलेला बॅटर 'मला हल्ली वळणारे चेंडू जमत नाहीत' म्हणतो, तेव्हा मी त्याला वळणाऱ्या चेंडूंचा सराव देत नाही. मी त्याचे फास्टबॉलवरचे फाऊल बघतो. उजव्या बॅटरचे फाऊल एकसारखे उजवीकडच्या स्टँडकडे जात असतील तर दुखणं फास्टबॉलचं आहे.

मेजर लीगमध्ये हे बघायला तुम्हाला मैदानावर जायला नको. स्टॅटकास्ट या मोजमापाच्या यंत्रणेमुळे २०१५ पासून चेंडू बॅटवरून किती वेगाने निघाला ते सगळ्यांना दिसतं, आणि २०२४ पासून बॅटची गतीही. कुठल्याही अनुभवी खेळाडूचा करार झाला की मी आधी हे बघतो: बॅटची गती दोन-तीन वर्षांत घसरलीये का, ताशी ९५ मैलांच्या वर मारलेल्या चेंडूंचं प्रमाण टिकलंय का, आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) किती वाढले. सरासरी आणि होमर त्यानंतर. गोल्डश्मिटचं २०२४ मिश्र होतं. .२४५, होमर २२, आणि चारातल्या एकाहून जास्त टर्नमध्ये स्ट्राइकआउट, जे त्याच्या दर्जाला वाईटच. पण मोसमाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सुट्टीआधी तो बुडाला होता आणि नंतर सावरला होता. सावरलेला अर्धा मोसम हा काही पुरावा नसतो, पण एका वर्षाच्या कराराला तेवढी आशा पुरते.

आणि इथे नम्रपणे मान्य करायला हवं की अंदाज चुकू शकतो. सँटाना बघा. २०२४ मध्ये त्याने २३ होमर मारले होते आणि ३८ व्या वर्षी कारकिर्दीतला पहिला गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळवला होता. डिसेंबरमध्ये दोघांचे आकडे शेजारी ठेवले असते तर बऱ्याच जणांनी सँटानाला पसंती दिली असती. २०२५ मध्ये त्याची बॅट साफ उतरली आणि ऑगस्टअखेर क्लीव्हलंडने त्याला सोडलं. जवळपास तेवढेच पैसे, एकच जागा, एकच हिवाळा, आणि शेवट अगदी वेगळा. म्हणूनच अशा करारात संघाला सुटायची वाट असणं मला खेळाडूच्या नावाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मग गोल्डश्मिटने २०२५ मध्ये काय केलं? १४६ सामने, .२७४, होमर १०, आरबीआय ४५. मे अखेरपर्यंत तो लीगच्या वरच्या बॅटरांमध्ये होता, जूनपासून उतरला. स्ट्राइकआउट बरेच कमी झाले, पण होमर २२ वरून १० वर आले. म्हणजे त्याने बॅट आखडती घेतली, चेंडू जास्त लागले, ताकद गेली. फर्स्ट बेसमनकडून संघ ताकदीची अपेक्षा करतो, तेव्हा एकूण आकडे साधारणच. पण हात वेगळे करा आणि चित्र उघडतं. डावखुऱ्या पिचरसमोर त्याने .३३६ केलं. उजव्यासमोर .२५० च्या खाली, आणि ताकद तर जवळपास नाहीच. एकाच जर्सीत दोन बॅटर होते: एक ऑल-स्टार, एक बेंचवरचा.

तुमच्या मित्रांच्या वादाचं उत्तर मला इथे दिसतं. करार योग्य होता. चुकलं असेल तर प्रमाण चुकलं. उजव्या पिचरसमोर त्याला निम्म्याहून जास्त टर्न मिळाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच उन्हाळ्यात राइसला किंवा दुसऱ्या कोणाला मिळायला हव्या होत्या. एप्रिल-मेमध्ये कोणी ते सुचवलं असतं तर मी विरोध केला असता, कारण तेव्हा तो सगळ्यांनाच मारत होता. जुलैत मात्र ते स्पष्ट दिसत होतं.

आणि राइसची जागा खरंच अडली का? जानकार्लो स्टँटनची दोन्ही कोपरं दुखत होती, तो जूनच्या मध्यापर्यंत आलाच नाही. त्यामुळे डेझिग्नेटेड हिटरची (डीएच, फक्त बॅटिंग करणारा) जागा मोकळी झाली आणि राइस तिथे बसला. स्टँटन परतल्यावर तो कधी कॅचिंग करत होता, कधी फर्स्ट बेस. मोसम संपला तेव्हा त्याचे होमर २६ होते. म्हणजे ज्याची वाट अडली म्हणून मार्चमध्ये ओरड झाली, त्याला जवळजवळ पूर्ण मोसम खेळायला मिळालं. मी हे कोचिंगमध्ये नेहमी बघतो: १६२ सामन्यांत दुखापती सगळ्यांनाच थोडीफार जागा करून देतात, आणि चांगला मारणारा मुलगा बेंचवर फार काळ राहत नाही. अडतो तो एकाच जागेवर खेळू शकणारा मुलगा. राइस मुळात कॅचर असल्यामुळे तरला.

याच्याच उलट बाजू अनुभवी खेळाडूला लागू होते. संघात २६ खेळाडू, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. उरले १३ बॅटर. नऊ जण मैदानात आणि डीएच मिळून, म्हणजे बेंचवर चार. एक राखीव कॅचर लागतोच, एक शॉर्टस्टॉप-सेकंड बेस (मैदानाच्या मधल्या जागा) सांभाळणारा, एक आउटफिल्डर. राहिली एक जागा. फक्त फर्स्ट बेस खेळणारा ३७-३८ वर्षांचा माणूस रोज खेळत नसेल तर तो ती एकुलती एक जागा खातो. शिवाय मेजर लीगमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे आठव्या इनिंगला डावखुरा रिलीव्हर (बदली पिचर) आला म्हणून राइसला काढून त्या अनुभवी माणसाला घातलं, तर दहाव्या इनिंगला राइस हाताशी नसतो. एका बॅटरमागे हा हिशेब मॅनेजरला रोज करावा लागतो.

आता लाइनअप. क्रिकेटमधून आलेल्या माणसाला वाटतं की पहिला-दुसरा क्रमांक म्हणजे सलामी, आणि सहावा-सातवा म्हणजे खालची फळी. बेसबॉलमध्ये यादी फिरत राहते, म्हणून क्रमांकाचा खरा अर्थ किती टर्न मिळणार एवढाच. १६२ सामने भागिले ९ करा: १८. एका क्रमांकाने वर गेलं की मोसमात सुमारे १८ टर्न जास्त. पहिल्या आणि नवव्यात जवळजवळ १४५ चा फरक. म्हणून सर्वांत चांगले बॅटर वरच्या चारांत हवेत, आणि पहिल्यात धावण्याच्या वेगापेक्षा आउट न होण्याची सवय महत्त्वाची. बाकी क्रम इकडचा तिकडे झाला तरी वर्षभरात जेमतेम एखाद-दुसऱ्या विजयाचा फरक पडतो. चाहते यावर जेवढी रात्र जागवतात तेवढा हा विषय मोठा नाही. कोण खेळतंय हे मोठं, कितव्या क्रमांकावर खेळतंय हे छोटं.

पण हात बघून क्रम लावणं मात्र छोटं नाही. २०२५ ची सुरुवात बघा. २७ मार्चला ब्रुअर्सचा फ्रेडी पेराल्टा, उजवा पिचर. यँकीजचा मॅनेजर ॲरन बूनने लीडऑफला कॅचर ऑस्टिन वेल्सला पाठवलं आणि वेल्सने होमर मारला. ओपनिंग डेला लीडऑफ होमर मारणारा तो इतिहासातला पहिला कॅचर. दोन दिवसांनी समोर नेस्टर कोर्टेस, डावखुरा. आता लीडऑफला गोल्डश्मिट. पहिला चेंडू, होमर. दुसरा चेंडू, बेलिंजर, होमर. तिसरा चेंडू, जज, होमर. यँकीजनी त्या दिवशी नऊ होमर मारले, संघाचा विक्रम, आणि २०-९ ने जिंकले. 'फर्स्ट बेसमन लीडऑफला कसा?' असं आदल्या रात्री विचारणारे लोक मी ऐकले होते. बूनच्या डोक्यात पद नव्हतंच. डावखुऱ्या पिचरसमोर कमीत कमी आउट होणारा माणूस कोण, आणि त्याच्यामागे जज येतो, एवढंच.

२०२० पासूनचा आणखी एक नियम यात येतो. रिलीव्हरला किमान तीन बॅटरना टाकावंच लागतं, नाहीतर इनिंग तरी संपवावी लागते. त्यामुळे डावा-उजवा-डावा असा क्रम लावला की समोरच्या मॅनेजरला एका डावखुऱ्या बॅटरसाठी डावखुरा रिलीव्हर आणणं महागात पडतं, कारण पुढचा उजवा बॅटर त्याला झोडपायला उभा असतो. बेलिंजर आणि चिझमच्या मध्ये एक उजवा बॅटर असणं म्हणून फायद्याचं. त्याचे स्वतःचे आकडे साधे असले तरी त्याच्या दोन्ही बाजूंच्या बॅटरना बरे पिचर मिळतात.

ऑक्टोबरमधली कसोटी सांगतो, कारण तुमच्या मित्रांचा राग बहुधा तिथलाच आहे. ३० सप्टेंबर २०२५, रेड सॉक्सविरुद्ध वाइल्ड कार्डचा (बाद फेरीच्या पहिल्या टप्प्याचा) पहिला सामना, समोर डावखुरा गॅरेट क्रोशे. बूनने राइस आणि चिझम दोघांनाही बाहेर ठेवलं, गोल्डश्मिटला लीडऑफ दिलं. यँकीज ३-१ ने हरले. दुसऱ्या दिवशी उजवा ब्रायन बेयो, राइस परत, आणि पहिल्याच इनिंगमध्ये त्याचा दोन धावांचा होमर. यँकीज ४-३ ने जिंकले. लोक म्हणाले, बघा, पहिल्या दिवशीही हाच खेळायला हवा होता.

मला ते पटत नाही. क्रोशेने त्या दिवशी ११ जणांना स्ट्राइकआउट केलं, तो कोणालाच ऐकत नव्हता. आणि नवव्या इनिंगला अरोल्डिस चॅपमन हा दुसरा डावखुरा आला तेव्हा सुरुवात केली ती गोल्डश्मिटनेच. त्याचा सिंगल, जजचा सिंगल, बेलिंजरचा सिंगल. बेस भरलेले, एकही आउट नाही. त्यानंतर स्टँटनचा स्ट्राइकआउट, चिझमचा झेल, ग्रिशमचा स्ट्राइकआउट. जे काम देऊन त्या माणसाला लीडऑफला ठेवलं होतं ते त्याने केलं. सामना दुसरीकडे हरला. चिझमला बाहेर ठेवण्याबद्दल मात्र मी तुमच्या मित्रांच्या बाजूने आहे. ३१ होमर आणि ३१ चोऱ्या (पळून पुढचा बेस पटकावणं) करणारा, चांगला क्षेत्ररक्षक असलेला सेकंड बेसमन हात बघून बसवायचा नसतो. जागेची राखणसुद्धा मोजावी लागते, आणि ती पिचरच्या हातावर ठरत नाही.

फर्स्ट बेसच्या राखणीबद्दलही दोन शब्द. गोल्डश्मिटकडे चार गोल्ड ग्लव्ह आहेत. व्होल्पीच्या नावावर २०२५ मध्ये १९ एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका) लागले. असा शॉर्टस्टॉप असताना जमिनीवर टप्पा पडून आलेले थ्रो उचलणारा फर्स्ट बेसमन किती आउट वाचवतो, ते स्कोअरकार्डात येत नाही. आमच्या मुलांच्या संघात तर मी सर्वांत भरवशाचा मुलगा फर्स्ट बेसवर ठेवतो. तो असला की बाकीचे मोकळ्या हाताने थ्रो करतात.

तर पुढच्या मोसमाचा लाइनअप. माझं मत ठाम आहे: फर्स्ट बेस राइसचा, आणि उजव्या पिचरसमोर वरच्या चारांत. तिथे चर्चेला जागा नाही. डावखुऱ्यासमोर काय, हा खरा प्रश्न. संघात उजवा अनुभवी फर्स्ट बेसमन असेल, कोणीही असो, तर त्याला कठीण डावखुऱ्यांच्या दिवशी लीडऑफला किंवा पाचव्याला खेळवा, आणि त्या दिवशी राइसला कॅचिंगला किंवा डीएचला ठेवता येतं का बघा. साध्या डावखुऱ्यांसमोर मात्र राइसलाच उभा करा. सत्तावीस वर्षांच्या बॅटरला डावखुरे दाखवलेच नाहीत तर तो ते कधी शिकणार? अर्ध्या वेळचा खेळाडू म्हणून एकदा शिक्का बसला की तो पुसायला वर्षं जातात. मेजर लीगमध्ये साधारण चौथा हिस्सा किंवा थोड्या जास्त टर्न डावखुऱ्या पिचरसमोर येतात. अनुभवी माणसाला त्यातला मोठा वाटा दिला तरी त्याच्या टर्न दीडशे-दोनशेच्या पुढे जाऊ नयेत. त्यापुढे गेल्या तर समजा की दुखापत झालीये किंवा मॅनेजर नावाला भुललाय.

असा कुठलाही करार झाला की एप्रिलमध्ये निकाल लावू नका. मे अखेर त्या खेळाडूचे डाव्या आणि उजव्या पिचरसमोरचे आकडे वेगळे काढा, त्याला मिळालेल्या टर्न दोन्हीकडे किती ते मोजा, आणि त्या टर्न नाहीतर कोणाला मिळाल्या असत्या त्या माणसाचे आकडे शेजारी मांडा. ते तीन रकाने घेऊन मित्रांशी वाद घाला. आणि त्यात कुठे अडलात तर आकड्यांसकट इथे लिहा, मी बघतो.